विज्ञानकथांची कपाटं रद्दीत घालू नका : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारी मंडळातल्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ऐरोलीतल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना नाही कळणार त्यांच्या सेक्टरमधल्या वाचनालयातही थोड्याफार फरकाने हेच चाललं असणार, तेव्हा त्यांनीही वाचायला हरकत नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना मी काका-काकू म्हणतच मोठी झाले, त्यामुळे भांडायचं म्हटलं तरी जपूनच भांडणार आहे. आधी सचिवांना साधा अर्ज दिला होता, त्याची पोच मिळाली, उत्तर काही मिळालं नाही, म्हणून आता उघड लिहितेय.

विषय असा की गेल्या महिन्यात नोटीस बोर्डवर, झेंडावंदनाच्या फोटोखाली, एक कागद लागला. मागच्या खोलीतली विज्ञानकथांची दोन कपाटं 'कालबाह्य व निरुपयोगी' ठरवून त्यातली पुस्तकं बाद करायची, रद्दीत द्यायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत अभ्यासिकेची टेबलं टाकायची. ठराव झालाय, फक्त रद्दीवाल्याचा टेम्पो यायचा बाकी आहे.

मला यात बोलायचा काय अधिकार, तर एक म्हणजे मी आजीव सभासद आहे. आणि दुसरं, मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, तिथले रोबो आणि पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर, बघते, आणि या लाइनला मी आले ती कोणी करिअर गायडन्स दिला म्हणून नाही. आपलं वाचनालय तेव्हा रो-हाऊसच्या खालच्या खोलीत होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐरोलीत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्या कपाटातलं एकेक पुस्तक घरी नेत गेले. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही गोष्ट वाचली तेव्हा तिच्यातल्यासारखी कागदाची पट्टी कापून, एक पीळ देऊन टोकं चिकटवली होती, आणि पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंवर सलग रेघ ओढता येते हे बघून आईला, शेजारच्या मावशींना, दूधवाल्याला, दिसेल त्याला दाखवत सुटले होते. दूधवाल्याला त्यात फार काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि पुढे इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा घेतला तो त्याच वाटण्यातून.

आधी अभ्यासिकेबद्दल स्पष्ट बोलते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही बाई मुलांच्या अभ्यासावर उठली. अजिबात नाही. दिघा, चिंचपाडा, ऐरोली गावठाणातून पोरं येतात, घरात एकच खोली, त्यात टीव्ही चालू, लहान भावंडं, एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीचा अभ्यास करणार कुठे? मी फर्स्ट शिफ्टच्या बसला उभी असते तेव्हा दार उघडायच्या आधीच बाहेर बॅगांची लाइन लागलेली दिसते. टेबलं वाढवायलाच हवीत. पण जागा शोधायला निघालात तर दोन कपाटंच कशी दिसली? हॉलच्या दर्शनी भिंतीला काचेचं लांबलचक शोकेस आहे, त्यात सत्काराच्या शाली, ट्रॉफ्या आणि मान्यवरांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनांचे फोटो आहेत, आणि त्यातली एकही वस्तू आजवर कोणी इश्यू करून घरी नेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता तक्रारी. पहिली पद्धतीबद्दल. बाद करायच्या पुस्तकांची यादी कुठेच लावलेली नाही, मागितली तर 'तयार होतेय' असं उत्तर मिळतं. यादी तयार व्हायच्या आधी ठराव झाला कसा? वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं, आम्ही वर्गणी भरतो, अनामत भरतो, म्हणजे पुस्तकं काही मंडळाच्या घरची नाहीत. सभासदांना नुसतं विचारलं असतं तरी तुम्हाला निम्मं पत्र वाचावं लागलं नसतं.

दुसरी तक्रार ही पुस्तकं 'तीन वर्षांत एकदाही इश्यू झाली नाहीत' हे जे कारण तुम्ही दिलंय त्याबद्दल. अहो, होणार कशी? लॉकडाऊनमध्ये मागची खोली बंद केली ती बंदच राहिली, दारात मोडक्या खुर्च्यांची थप्पी, कपाटांना कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, आणि शिपाईमामा नेहमी बँकेत गेलेले. त्यात रजिस्टरची गंमत वेगळीच. नारळीकरांचे कथासंग्रह 'विज्ञान' खाली दहावीच्या गाइडांसोबत चढवलेत, बाळ फोंडके आणि निरंजन घाटे 'संकीर्ण' मध्ये, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न 'बालवाङ्मय' मध्ये, आणि लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर कुठल्या सदरात आहेत ते मला अजून सापडलेलं नाही. गोष्ट वाचायला आलेल्या मुलाने यातलं काय मागावं? ग्रंथपाल मॅडमना मी यात बोल लावत नाही, तुटपुंज्या मानधनात एकट्या माणसाने किती करायचं. पण कुलपात ठेवलेलं पुस्तक कोणी नेत नाही म्हणून ते बाद, हा न्याय काही मला समजला नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे, त्यामुळे तिच्यावर जरा वेळ घालवते. सभेला हजर असलेल्या एका काकांनी मला अगदी प्रेमाने समजावलं की अगं, त्या पुस्तकांत लिहिलेलं निम्मं आता येऊन गेलं आणि निम्मं खोटं ठरलं, मग ती ठेवायची कशाला? काकांचा हिशोब बरोबर आहे. उत्तर चुकलंय.

जे येऊन गेलं ते आधी घेऊ. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९०९ साली 'द मशीन स्टॉप्स' नावाची गोष्ट लिहिली. त्यात प्रत्येक माणूस जमिनीखाली आपापल्या खोलीत एकटा राहतो, बोलायचं ते हातातल्या तबकडीवर समोरच्याचा चेहरा बघत, व्याख्यानं ऐकायची ती तशीच, जेवण-औषध-संगीत बटण दाबलं की हजर, आणि कोणी समोरासमोर भेटूया म्हटलं की अंगावर काटा येतो. त्या काळी घरात टीव्ही सोडा, रेडिओसुद्धा नव्हता. आपण २०२० साली हेच सगळं जगलो, आपल्या मंडळाची सभासुद्धा झूमवर झाली आणि अर्धे लोक म्यूटवर बोलत होते. पण गोष्टीत पुढे काय होतं ते महत्त्वाचं, मशीन हळूहळू बिघडायला लागतं, लोक आधी तक्रार करतात, मग बिघाडाची सवय लावून घेतात, काही जण तर मशीनची पूजा करतात, आणि दुरुस्ती कशी करायची हे कोणाला आठवतच नाही. मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सक्तीने वाचायला द्यावी असं माझं मत आहे. तर ही गोष्ट येऊन गेली म्हणून कालबाह्य का? मला तर वाटतं ती आत्ता कुठे वाचण्यासारखी झालीय.

किंवा जॉन ब्रनरची १९७५ ची 'द शॉकवेव्ह रायडर' घ्या. सगळा देश एका कॉम्प्युटर नेटवर्कने बांधलेला, आणि त्या नेटवर्कमध्ये आपोआप पसरत जाणारा, मारता न येणारा एक प्रोग्राम, त्याला ब्रनरने वर्म म्हटलं. १९८२ साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या जॉन शॉक आणि जॉन हप यांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर स्वतःहून जाणाऱ्या प्रोग्रामवर शोधनिबंध लिहिला आणि नाव सरळ या कादंबरीतून उचललं, तसं निबंधात लिहिलंही. आज ठाणे-बेलापूर रोडला एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतायत, तिथे रात्रपाळीला बसणाऱ्या सायबर सिक्युरिटीच्या पोरांचा पगार असल्याच प्रोग्रामांमुळे निघतो.

आर्थर क्लार्कचं उदाहरण तर आपल्या देशापर्यंत येतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात त्याने लिहिलं की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, एकाच जागी दिसेल, आणि असे तीन ठेवले की जगभर प्रक्षेपण करता येईल. आता हा लेख होता, गोष्ट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते, पण लिहिणारा विज्ञानकथावाला होता आणि डोकं त्याच बाजूने चालत होतं. तिथे माणसं ठेवावी लागतील अशी त्याची कल्पना होती, ती चुकली. कक्षेचं गणित नाही चुकलं. तीसच वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, अशाच एका उपग्रहावरून आपल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्हीवर शेतीचे आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले, साइट नावाचा तो प्रयोग. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून का असतात, याचं उत्तर त्या लेखात आहे.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर तुमच्यातलं कोणीतरी मला व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पाठवेल. 'जगातले सगळे शोध विज्ञानकथांनी आधीच सांगितले होते' छापाच्या ज्या याद्या फिरतात त्यातलं बरंच अर्धवट असतं. मोबाइल म्हणे स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेवरून आला. १९७३ मध्ये हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल करणाऱ्या मार्टिन कूपरने नंतर स्वतःच सांगितलंय की डोक्यात होता तो कॉमिक्समधल्या डिक ट्रेसीच्या मनगटावरचा रेडिओ. आणि उडत्या गाड्या कधीपासून येणार येणार म्हणून सांगतायत, आपण अजून ऐरोली नाक्याच्या सिग्नललाच आहोत. या लेखकांना भविष्य दिसत होतं असा माझा दावाच नाही. तो दावा करणाऱ्यांचं दुसरं कपाट आपल्याकडे आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे.

आता काकांचं दुसरं निम्मं, जे खोटं ठरलं. यावर मला खरं तर तासभर बोलता येईल.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली माणसांना चंद्राकडे पाठवलं ते तोफेतून. फ्लोरिडातून उड्डाण, आत तीन माणसं, आणि १९६९ साली अपोलो ११ पण फ्लोरिडातून तीन माणसं घेऊन गेलं म्हणून लोक टाळ्या वाजवतात. पण तोफेचं काय? ९०० फुटी तोफ आणि सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास वेग. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या सूत्राने हिशोब करा, आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येतो, म्हणजे बत्ती दिल्याक्षणी तिघांचं थालीपीठ. पूर्ण चूक. पण ही चूक रशियातल्या कालुगा गावी एका शाळामास्तराने वाचली, कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की त्याचं नाव, लहानपणीच्या आजाराने ऐकू जवळजवळ येत नव्हतं, पुस्तकं हाच आधार. अवकाशात जायचं वेड आपल्याला व्हर्नने लावलं असं तो सांगायचा. तोफेने माणूस मरतो हे त्याने हिशोबाने काढलं, मग वेग हळूहळू वाढवायचा तर काय लागेल हा प्रश्न आला, आणि त्यातून १९०३ साली त्याचा रॉकेटवरचा निबंध छापून आला. जर्मन बोलणाऱ्या हर्मन ओबर्थनेही लहानपणी व्हर्नच वाचला, तोही रॉकेटवरच पोचला. १९२९ मध्ये फ्रिट्झ लांगने चंद्रावर जायचा मूकपट काढला तेव्हा सल्लागार म्हणून ओबर्थला घेतलं. उड्डाणाआधीची उलटी मोजणी लोकांच्या मनात बसली ती त्या सिनेमामुळे, श्रीहरिकोट्याला आपण टीव्हीसमोर बसून जी दहा-नऊ-आठ मोजतो ना, तीच.

आणि तिसरा तो रॉबर्ट गोडार्ड. याने सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्सची मंगळावरून हल्ला होतो ती कादंबरी वाचली. मंगळावर माणसं नाहीत, हल्ला झाला नाही, कादंबरी शंभर टक्के खोटी ठरली. पुढच्या वर्षी, १९ ऑक्टोबर १८९९ ला, हा पोरगा चेरीच्या झाडावर सुकलेल्या फांद्या तोडायला चढला आणि तिथे बसून मंगळावर जाणारं यंत्र कसं असेल याचा विचार करत राहिला, तो दिवस तो आयुष्यभर सणासारखा पाळत होता. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्याची टर उडवली, या प्राध्यापकाला शाळेत शिकवतात तेवढंही विज्ञान येत नाही, पोकळीत रॉकेट रेटा देणार तरी कशावर, असं. १६ मार्च १९२६ ला त्याने द्रवरूप इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, ते अडीच सेकंद उडालं आणि ४१ फूट वर जाऊन कोबीच्या वाफ्यात पडलं. १९४५ मध्ये तो वारला. टाइम्सने चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या ठरावाप्रमाणे वेल्सची ती कादंबरी 'खोटी ठरली' म्हणून १८९८ सालीच रद्दीत जायला हवी होती.

चौथी तक्रार 'निरुपयोगी' वरून. सभेत म्हणे एका सभासदांनी विचारलं, हे वाचून कोणाला नोकरी लागलीय? मला लागलीय. म्हणजे तेवढ्यानेच नाही, पण ऐका.

कारखान्यातला पहिला रोबो, युनिमेट, १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या प्लांटमध्ये कामाला लागला, साच्यातून निघालेले तापलेले पार्ट उचलायला. पेटंट जॉर्ज डेव्हलचं, आणि ते विकायला घेऊन फिरला तो जोसेफ एंगलबर्गर. दोघं १९५६ मध्ये एका पार्टीत भेटले आणि गप्पा रंगल्या त्या आयझॅक असिमॉव्हच्या विज्ञानकथांमधल्या रोबोंवरून, कारण एंगलबर्गर कॉलेजपासून असिमॉव्हचा वाचक. पुढे त्याने रोबोंवर पुस्तक लिहिलं तर प्रस्तावना असिमॉव्हनेच लिहिली. आमच्या प्लांटमध्ये आज जे चालतं ते या धंद्याचंच नातवंड.

आणि रोजच्या कामात काय उपयोग, तर तेही सांगते. असिमॉव्हची १९४२ ची 'रनअराउंड' नावाची गोष्ट आहे. बुध ग्रहावर एका रोबोला खनिज आणायला पाठवतात. हुकूम पाळायचा हा एक नियम, स्वतःला जपायचं हा दुसरा. हुकूम जरा सैल आवाजात दिलेला, आणि रोबो महागडा म्हणून स्वतःला जपायचा नियम मुद्दाम जरा कडक केलेला. झालं, रोबो धोक्याच्या जागेजवळ गेला की मागे फिरतो, लांब गेला की हुकूम आठवून पुढे येतो, आणि तिथेच गोल गोल फिरत बसतो. गोष्ट २०१५ सालात घडते, म्हणजे तुमच्या हिशोबाने पुरती कालबाह्य. तर आमच्याकडे एकदा नाइट शिफ्टला कन्व्हेयरवरचं पॅलेट दोन सेन्सरांच्या मध्ये पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलं. सगळे सेन्सर बदलायच्या मागे लागले. मी म्हटलं सेन्सर राहू द्या, प्रोग्राममध्ये दोन कंडिशन एकमेकींशी भांडतायत का बघूया, आणि तेच निघालं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र आल्या की गोंधळ. बिघाड पार्टमध्ये नसून नियमांच्या भांडणात असू शकतो, हे मला कुठल्याही मॅन्युअलने शिकवलेलं नव्हतं. साहेबांनी विचारलं कसं सुचलं, तर मी सांगितलं बुधावर असं झालं होतं. ते हसले, पण प्रोग्राम दुरुस्त झाला.

उपयोगाची आणखी एक बाजू आहे, ती जास्त गंभीर. वेल्सनेच १९१४ साली एका कादंबरीत अणूतली ऊर्जा मोकळी होते आणि तिचे बॉम्ब शहरांवर पडतात असं लिहिलं, त्यांना अणुबॉम्ब हे नावही त्यानेच दिलं. लिओ झिलार्ड या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने ती कादंबरी १९३२ मध्ये वाचली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये साउदॅम्प्टन रोवर रस्ता ओलांडताना त्याला साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली, आणि कल्पना सुचल्यावर त्याने काय केलं? १९३४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि ते जाहीर होऊ नये म्हणून ब्रिटिश नौदलाच्या खात्याला देऊन टाकलं, कारण याचा शेवट कुठे होऊ शकतो हे आपण वेल्समध्ये वाचलं होतं असं त्याने नंतर सांगितलं. १९३९ मध्ये हिटलरच्या आधी अमेरिकेने जागं व्हावं म्हणून आइन्स्टाइनच्या सहीचं पत्र पाठवायला लावणारा तोच, आणि जुलै १९४५ मध्ये जपानच्या शहरांवर बॉम्ब टाकू नका म्हणून शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणाराही तोच. ऐकलं नाही कोणी. पण यंत्र बनायच्या आधीच त्याची भीती ओळखणारा एक माणूस त्या शास्त्रज्ञांत होता, आणि ती ओळख त्याला कादंबरीने करून दिली होती. आज एआयबद्दल आपली मुलं रोज काहीतरी ऐकतायत, अभ्यासिकेतली पोरं नोट्ससुद्धा त्याच्याकडूनच काढून घेतात. मशीन स्वतःसारखी मशीन बनवायला लागलं तर काय, हा प्रश्न नारळीकरांच्या 'वामन परत न आला' मध्ये आहे, मराठीत, आपल्याच कपाटात, कुलपाच्या आत.

नारळीकरांचा विषय निघालाच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून केलेलं नाव. पहिला नंबर आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहीत होता कारण त्याला त्या सामान्य वाचकापर्यंत, म्हणजे आपल्यापर्यंत, पोचवायच्या होत्या. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं त्यांना. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा आपल्याच हॉलमध्ये फोटोला हार घालून श्रद्धांजली सभा झाली, मंडळातल्या तिघांनी भाषणं केली, चांगली केली. आणि आता त्याच माणसाची पुस्तकं किलोवर? मला खरंच राग आलाय, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

पाचवी आणि शेवटची तक्रार म्हणजे दरवाजासमोरचं ते दुसरं कपाट. ज्योतिष, वास्तुशास्त्र, वार्षिक राशिभविष्य. मागच्या वर्षांची राशिभविष्यंसुद्धा तिथे अजून आहेत हो, ती मात्र कालबाह्य होत नाहीत! २००८ मध्ये नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या होत्या, निम्मी हुशार मुलं, निम्मी मतिमंद, आणि ज्योतिषांना विचारलं की कुठली कुंडली कोणाची. उत्तरं पाठवली २७ जणांनी, बरोबर निघाली साधारण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर जास्त आली असती. त्याच कपाटात प्राचीन विमानविद्येवरचं नवंकोरं पुस्तक पण घेतलंय तुम्ही. त्या वैमानिक शास्त्राचा अभ्यास बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्येच करून ठेवलाय, ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हा निष्कर्ष. तुम्ही ती पुस्तकं काढा असं मी म्हणत नाहीये, ज्याला वाचायची त्याने वाचावीत, वाचनालय आहे ते. पण हे कपाट म्हणतं हे सगळं आमच्याकडे आधीच होतं, आणि विज्ञानकथांची कपाटं म्हणतात चला, हे करून बघूया, आणि मंडळाने टेम्पो बोलावला तो विज्ञानकथांसाठी. याचं कारण मला सभासद म्हणून कळायला हवं.

तर मागण्या साध्या आहेत, खर्चाच्या तर अजिबात नाहीत.

रद्दीचा व्यवहार आजच्या आज थांबवा आणि बाद करायच्या पुस्तकांची पूर्ण यादी, लेखकाच्या नावासकट, बोर्डवर लावा. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्या, कार्यकारी मंडळात मिटवू नका.

मागची खोली उघडा. कपाटांचं कुलूप काढून, रजिस्टरमध्ये 'विज्ञानकथा' असं स्वतंत्र सदर करून सहा महिने पुस्तकं हॉलमध्ये ठेवा, मग मोजा किती इश्यू झाली ते. त्यानंतरही कोणी हात लावला नाही तर मी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर करीन. रजिस्टर नीट करायला मी आणि आमच्या इथल्या दोघी-तिघी रविवारी येऊन बसू, मॅडमवर भार पडणार नाही.

अभ्यासिकेसाठी शोकेसची भिंत घ्या. ट्रॉफ्या ऑफिसात मावतील.

पुढच्या खरेदीत या विषयाची दोन-चार नवी मराठी पुस्तकं घ्या, लिहिणारे आजही आहेत. आणि महिन्यातून एकदा संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांसाठी एक गोष्ट मोठ्याने वाचायची परवानगी द्या. तासभरच. वाचायला माणूस मी आणते, चहा पण आम्हीच करू.

आणि एवढं सगळं करूनही तुम्हाला ती पुस्तकं नकोच असतील तर ती महापालिकेच्या शाळांना द्या, जिथे मुलं ती हातात तरी घेतील. रद्दीवाल्याला नाही.

पत्राखाली सह्या घेणं चालू आहे, त्यात अभ्यासिकेतली मुलंही आहेत, त्यांना मी टेबलांबद्दलचं माझं म्हणणं आधी सांगूनच सही मागितली. पुढच्या मंडळाच्या बैठकीला सह्यांचा कागद घेऊन मी येणार आहे, दहा मिनिटं वेळ द्यावा ही विनंती. उत्तर लेखी हवंय, बोर्डवर लावलंत तरी चालेल.

आपली,
एक आजीव सभासद, ऐरोली